फोटोखाली नाव कुणाचं?

बारामतीहून इंदापूरकडे जाताना अंथुर्णे लागतं. नीरा डाव्या कालव्याचा, उसाचा पट्टा. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी बारामती सोडून सणसर, बेलवडीचं रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर अशी पुढे सरकते तेव्हा या रस्त्यावर जिकडे पाहावं तिकडे कॅमेरे असतात. पुण्या-मुंबईहून आलेले फोटोग्राफर टेम्पोच्या टपावर चढलेले असतात. डोक्यावर तुळस घेऊन चाललेली म्हातारी, फुगडी घालणाऱ्या बायका, भेगाळलेले पाय, सगळं टिपलं जातं. दुसऱ्या दिवशी ते पेपरात येतं, पुढे प्रदर्शनात लागतं, कॅलेंडरवर जातं. खाली नाव असतं ते फोटो काढणाऱ्याचं. तुळशीवालीचं नाव कुणी विचारलेलंच नसतं.

हे जुनंच दुखणं आहे आणि त्याबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत. मला आज दुसरं विचारायचं आहे. रस्त्याच्या कडेला पालखी बघायला उभ्या असलेल्या आमच्या गावांतल्या बायका-मुलींपैकी एकीच्या तरी गळ्यात कॅमेरा का नसतो? मोबाईल सगळ्यांकडे आहे, फोटो सगळ्याच काढतात. पण फोटो काढून चार पैसे मिळवणारी, 'ऑर्डर आहे, जाऊन येते' म्हणून घराबाहेर पडणारी बाई या पट्ट्यात शोधावी लागते. 'फोटोवाला' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. 'फोटोवाली' म्हटलं की माणसं हसतात.

हा बायकांचा धंदा नाही, असं तोंडावर कुणी म्हणत नाही. म्हणतात ते वेगळ्याच भाषेत. कॅमेरा जड असतो. रात्री-अपरात्री जावं लागतं. पुरुषांच्या गर्दीत घुसावं लागतं. ऐकताना काळजी वाटते खरी! पण याच शिवारात ऊसतोडीला आलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तेव्हा वजनाचा प्रश्न कुणाला पडत नाही. ती पहाटेच्या अंधारात फडात जाते तेव्हा अपरात्र आठवत नाही. आठवडी बाजारात पाटी घेऊन बसते तिथे काय फक्त बायकाच असतात? जिथे काम हलकं मानलं जातं आणि मजुरी थोडी असते, तिथे बाईच्या नाजूकपणाची चर्चा होत नाही. एका लग्नाच्या ऑर्डरमध्ये ऊसतोडीच्या कितीतरी दिवसांची मजुरी सुटते म्हटल्यावर मात्र तिचे खांदे दुखू लागतील याची सगळ्यांना चिंता!

आपल्या गावांत कॅमेरा बाईपर्यंत आला तो कसा, हेही आठवून पाहावं. कित्येकींचा आयुष्यातला पहिला स्वतंत्र फोटो म्हणजे स्थळासाठी काढलेला. तालुक्याच्या गावी स्टुडिओत न्यायचं, मागे रंगवलेला पडदा, आईची नाहीतर मावशीची साडी, 'मान जरा खाली घे, हसू नको फार'. तो फोटो पाकिटातून दहा घरी फिरायचा, आता मोबाईलवरून शंभर घरी फिरतो. म्हणजे कॅमेरा हे बाईला दाखवण्याचं साधन. बघणारा दुसरा, निवडणारा दुसरा, नाकारणाराही दुसराच. ज्या वस्तूने आपल्याला सतत पारखून घेतलं, ती हातात घेऊन आपण बघायचं ठरवलं, तर घरात कुरबूर होणारच.

आता आतली गोष्ट. गावोगावच्या स्टुडिओंमध्ये बायका काम करत नाहीत, असं मुळीच नाही. ऐन लग्नसराईत नवरा कार्यालयात फोटो काढत असतो तेव्हा घरी कॉम्प्युटरपाशी कोण बसलेलं असतं? हजारभर फोटोंतून निवड करणं, चेहरे उजळणं, अल्बमची पानं लावणं, पार्ट्यांचे फोन घेणं, उधारी मागणं, हे सगळं स्वयंपाक आणि पोरं सांभाळून ती करते. पाटीवर मात्र देवाचं नाव असतं, नाहीतर थोरल्या मुलाचं. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर नसतं, तसंच हे. तिला विचारलं तर ती म्हणते, 'मी काय करते? ह्यांना मदत करते.'

'ह्यांना मदत'चा हा प्रकार फार जुना आहे. होमाई व्यारावाला यांचं नाव आता पाठ्यपुस्तकी झालंय, पहिली भारतीय महिला छायाचित्र-पत्रकार म्हणून. जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. कॅमेरा शिकल्या त्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, ज्यांच्याशी पुढे लग्न केलं. सुरुवातीला 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये बायकांच्या सहलीचे त्यांचे फोटो छापून आले, त्याचा मोबदला होता एका फोटोला एक रुपया. पण पुढे त्यांचे किती तरी फोटो छापले गेले ते नवऱ्याच्या नावाने. तिच्या नावाला बाजारात पत नव्हती, त्याच्या नावाला होती. १९४२ मध्ये दिल्लीला ब्रिटिश माहिती खात्यात नोकरी मिळाली, आणि ती सांभाळून त्या बाहेरची कामंही करत. साडी नेसून, सामान घेऊन सायकलवरून दिल्लीभर फिरत. ऑगस्ट १९४७ चं झेंडावंदन, १९४८ ची गांधीजींची अंत्ययात्रा त्यांनी टिपली. १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. पद्मविभूषण मिळालं २०११ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. पुढच्याच जानेवारीत त्या गेल्या.

त्यांची गोष्ट सांगताना आपण नेहमी धाडसावर भर देतो. धाडस होतंच. पण मला त्या गोष्टीत दोन रोकड्या बाबी दिसतात. एक, महिन्याला येणारा ठरावीक पगार. त्याच्या आधारावर बाहेरची कामं निवडून घेता आली. दुसरी, हळूहळू मिळवलेलं स्वतःचं नाव. स्वतंत्रपणे काम करू पाहणाऱ्या कुठल्याही बाईची लढाई याच दोन गोष्टींवर होते. फ्लॅश आणि लेन्सचं ती शिकून घेते.

आमच्या एका बचत गटातल्या सुनेचं सांगते. नाव सांगत नाही, तिला घरात राहायचं आहे. नवऱ्याचा छोटा स्टुडिओ, ही बारावी शिकलेली, अल्बमचं सगळं काम हिचं. शेजारच्या आळीत डोहाळजेवण होतं. तिथल्या बायकांनी पुरुष फोटोग्राफर नको म्हटलं, म्हणून ही गेली. मोकळ्या वातावरणात फोटो इतके छान आले की पाठोपाठ एक बारसं मिळालं, मग हळदीचा कार्यक्रम. तिन्ही कामं तिची. पैसे? 'भावजींकडे दिले की गं!' असं त्या घरच्या बायकांनीच सांगितलं. घरात ते पैसे कशात गेले ते तिला कळलंही नाही. मग तिने एक साधी गोष्ट केली. बँकेत स्वतःचं खातं होतंच, त्याचा क्यूआर कोड काढून कॅमेऱ्याच्या बॅगेला चिकटवला. त्यावरून घरात आठ दिवस अबोला होता. नवऱ्याचा आक्षेप तिने कामाला जाण्यावर नव्हता, कोडवर होता. यातच सगळं आलं.

भांडवलाचं म्हणाल तर ते वाटतं तितकं अशक्य नाही. सुरुवातीला नवा कॅमेरा लागत नाही. वापरलेला चालतो, मोठ्या गावांत दिवसाच्या भाड्यानेही मिळतो. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. त्यात वापरलेला कॅमेरा, एक बरी लेन्स, दोन मेमरी कार्डं बसू शकतात. बँकेचा साहेब 'मिस्टरांना घेऊन या' म्हणेल, तेव्हा गटातल्या दोघींनी तिच्याबरोबर जायचं. शिकण्याचं म्हणाल तर लीड बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत, तिथलं प्रशिक्षण मोफत आहे, राहण्या-जेवणाची सोयही असते. त्यांच्या अभ्यासक्रमांच्या यादीत शिवण आहे, ब्यूटी पार्लर आहे, पापड-लोणचं-मसाले आहेत आणि त्याच यादीत फोटोग्राफी-व्हिडिओग्राफीही आहे. पण बायकांची नावं कुठल्या कोर्सला पाठवली जातात, ते आपल्यापैकी प्रत्येकीला ठाऊक आहे. ती नावं पाठवतं कोण? बऱ्याचदा आपणच पाठवतो. एका गावात चाळीस शिलाई मशिनं झाली, ब्लाऊजची शिलाई पडली, तरी एक्केचाळिसावं मशिन वाटण्याचा कार्यक्रम ठरलेला.

'कमी शिकलेल्या बाईला हे तांत्रिक जमायचं नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी एकच उदाहरण पुरे. १९८४ मध्ये अहमदाबादच्या 'सेवा'ने व्हिडिओचं प्रशिक्षण सुरू केलं तेव्हा त्यात भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायका होत्या. त्यांनी अवजड कॅमेरे चालवले, फिल्म केल्या, आपल्याच कामाच्या प्रश्नांवर. तो काळ बटण दाबलं की सगळं आपोआप होण्याचा नव्हता.

खरी अडचण वेळेची, रस्त्याची. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो आणि आषाढ लागला की थंडावतो. मधल्या महिन्यांत मंगळागौर, बारशी, गौरी-गणपतीची आरास, हळदीकुंकू, शाळांचं गॅदरिंग यांवर भागवावं लागतं. ही बहुतेक कामं बायकांमधली आहेत, तिथे बाई फोटोग्राफर हवीशी असते, म्हणून सुरुवात तिथूनच होते. पण मोठे पैसे लग्नात. लग्न दुपारचं असलं तरी वरात रात्रीची, स्वागत समारंभ रात्रीचा. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा उपयोग झालाच. पण रात्री साडेअकराला वालचंदनगरच्या बाजूच्या एखाद्या कार्यालयातून अंथुर्ण्याला यायला एस.टी.च नसेल, तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय? पुरुष फोटोग्राफर मोटारसायकलला किक मारतो आणि निघतो. बाईला कुणीतरी न्यायला यावं लागतं. जो न्यायला येतो तो मग ऑर्डर घ्यायची की नाही हेही ठरवतो.

इथे कुणीतरी मुंबईची आठवण काढतंच. ऑगस्ट २०१३ मध्ये शक्ती मिलच्या ओसाड आवारात, कामावर असलेल्या एका तरुण छायाचित्र-पत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. तिने लगेच तक्रार केली, पुढच्याच वर्षी आरोपींना शिक्षा झाली. या घटनेतून घराघरांत धडा काढला गेला तो असा, की मुलींनी कॅमेरा घेऊन फिरू नये. शहराच्या मध्यावर इतकी मोठी जागा अंधारात पडू दिली कुणाच्या सोयीसाठी, हा प्रश्न त्या मानाने किती थोड्यांनी विचारला!

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो तिच्यापर्यंत पोचलेला नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त ऑफिसातल्या बायकांसाठी आहे, असा समज आहे. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि कामासाठी मालकाने दिलेलं वाहन त्यात धरलेलं आहे. रोजंदारीवरची, ठेक्यावरची बाईही येते. एखाद्या स्टुडिओवाल्याने तिला दिवसाच्या बोलीवर 'दुसरा कॅमेरा' म्हणून नेलं आणि तिथे त्रास दिला, तर त्याच्याकडे दहा माणसंही कामाला नसली तरी तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, तीन महिन्यांच्या आत. किती गटांनी आपल्या जिल्ह्याच्या समितीच्या अध्यक्षांचं नाव आणि पत्ता काढून ठेवला आहे?

आणि आता जे लिहिणार आहे ते काहींना लागेल. मैत्रिणींनो, अशा मुलीला फुकट राबवण्यात आपल्या संस्था-संघटना कुणाच्या मागे नाहीत. ८ मार्चचा मेळावा असतो. मंडपवाल्याला पैसे, माईकवाल्याला पैसे, चहावाल्याला पैसे. फ्लेक्स छापणाऱ्याला तर आधीच. फोटोग्राफरला पैसे असतील तर तो पुरुष असतो. बाई असेल तर 'तू आपलीच आहेस ना!' आमच्या भागात एका संस्थेच्या मेळाव्यात एक मुलगी सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत उभी होती. तिला जेवण मिळालं, एक गुलाबाचं फूल मिळालं. संस्थेच्या अहवालात तिचे अकरा फोटो छापले, मुखपृष्ठावरचा धरून. नाव कुठेही नाही. विचारलं तेव्हा उत्तर आलं, 'चळवळीत नाव काय शोधायचं?' भाषण करणाऱ्या बाईंचं नाव मात्र पदवीसकट होतं.

घरकामाला मोल नाही म्हणून आपण परिषदा भरवतो. 'प्रेमाचं काम' या शब्दामागची फसवणूक आपणच जगाला समजावून सांगितली. तीच फसवणूक कार्यकर्तीच्या भाषेत केली की चालते?

या बाबतीत कायद्यात एक गंमत आहे. कॉपीराइटच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे फोटोची कर्ती म्हणजे तो काढणारी व्यक्ती. कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले, तर वेगळं ठरलेलं नसल्यास हक्क काढून घेणाऱ्याकडे जातात. हे कलम १७. म्हणजे ज्यांनी मोबदला न देता काढून घेतले, त्यांच्याकडे हक्क गेलेलेच नसतात, ते त्या मुलीकडेच राहतात! आणि पैसे दिले असोत वा नसोत, 'हा फोटो मी काढला' असं सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तिचाच. गुलाबाच्या फुलावर अहवाल छापणाऱ्या संस्थांनी हे एकदा वाचून पाहावं.

आपल्यातल्या काहीजणींचा एक प्रामाणिक आक्षेप आहे. लग्नातला खर्च, हुंडा, मानपान याविरुद्ध आपण बोलायचं आणि त्याच लग्नाच्या झगमगाटावर पोट भरणारा धंदा बायकांना शिकवायचा? प्री-वेडिंग आणि ड्रोन, कर्ज काढून केलेले अल्बम, हे वाढवायचं? आक्षेप मला समजतो. पण नवरीचा लेहंगा शिवणारीला, मेंदी काढणारीला, मेकअप करणारीला आपण कधी हे विचारलं नाही. खेड्यात रोख पैसा ज्या दोन-चार वाटांनी फिरतो त्यातली लग्न ही मोठी वाट आहे, आणि त्या वाटेवर बायकांनी फक्त कमी पैशाची कामं करावीत यात मला तत्त्व दिसत नाही. उलट, आपल्या विचाराची बाई तिथे असेल तर फरक पडतो. ऑर्डर लिहून घेताना ती मुलीच्या वयाचा दाखला मागू शकते. बालविवाहाला साहाय्य करणं हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा 'मला अडकायचं नाही' एवढं म्हणायला तिला भाषण करावं लागत नाही. आणि जिथे मुलगी सोळाची आहे, ती बातमी आपल्यापर्यंत वेळेत पोचते.

शिवाय तिची गरज आपल्याला आहे, ती वेगळ्याच कामासाठी. कौटुंबिक सल्ला केंद्रात बसणारीला हे चांगलं ठाऊक असतं. मारहाण झालेली बाई येते. पाठीवर वळ, मांडीवर चटके. डॉक्टरी दाखला हा मुख्य, तो घ्यायचाच. पण वळ चार दिवसांत फिके होतात, निळं काळं होतं, मग पिवळं पडतं. फोटो असावेत असं वकील सांगतात. गावातल्या पुरुषाच्या स्टुडिओत ती पदर बाजूला करणार नाही, आणि का करावा? मग आपल्यातली कुणीतरी मोबाईलवर घाईत काढते. फोटो हलतो, उजेड नसतो, जखम केवढी ते कळत नाही, तारीख लिहिलेली नसते. जाणकार बाई हेच काम कसं करते? आधी चेहऱ्यासकट पूर्ण फोटो, मग जखमेचा जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. फ्लॅश थेट न मारता खिडकीच्या उजेडात. मूळ फाइलला हात न लावता वेगळी जपून. आणि हे सगळं करण्याआधी समोरचीची परवानगी. पुढे कोर्टात तो फोटो द्यायचा तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. तिथे 'कुणीतरी काढला' चालत नाही. कुणाच्या यंत्रावर, कधी, कुणी, हे नावानिशी सांगणारी बाई लागते.

अशी बाई आपल्याला तालुक्यात एक तरी हवी असेल, तर ती सीझनभर तगली पाहिजे. ती तगेल ती आपण दिलेल्या कामावर. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात 'छपाई' आणि 'प्रवास' यांच्यासारखी 'छायाचित्रण' अशी ओळ घालता येते, देणगीदार संस्था ती नाकारत नाहीत. येत्या ३ जानेवारीच्या आणि ८ मार्चच्या कार्यक्रमांची आमंत्रणं निघतील तेव्हा फोटोग्राफर मुलीलाही वेगळं पत्र जावं. त्यात किती तासांचं काम, किती रक्कम, निम्मी ॲडव्हान्स कधी मिळेल, फोटो कुठे कुठे वापरणार आणि त्याखाली नाव कसं छापणार, ते लिहिलेलं असावं. कार्यक्रम अंधार पडल्यावर संपणार असेल तर परतीची गाडी आयोजकांची. रक्कम तिच्या खात्यात.